उसण, वजने आणि कूलरची बादली

गेल्या मे महिन्यात एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आली. वय ६७, सरकारी नोकरीतून निवृत्त, तरुणपणी महालातल्या आखाड्यात घाम गाळलेले आणि गेली चार वर्षे घराजवळच्या जिममध्ये नियमाने वजने उचलणारे. वर्षभरात तिसऱ्यांदा कंबर धरली होती. “डॉक्टर, आता तुम्हीच बाबांना सांगा. या वयात वजने उचलायची गरजच काय?” बाबा काहीच बोलले नाहीत. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

दुखते कोठे, असे विचारल्यावर त्यांनी पट्ट्याच्या खाली, उजव्या बाजूच्या खळीवर नेमके एक बोट ठेवले. खुर्चीतून उठताना, अंथरुणात कूस बदलताना, पायजमा घालण्यासाठी एका पायावर उभे राहताना तेथे कळ येई. पायात मुंग्या नव्हत्या, बळही शाबूत होते. पाठीचा कणा जेथे ओटीपोटाच्या हाडांना जोडला जातो, तेथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. त्याला आम्ही एसआय जॉइंट म्हणतो. बोट दाखवल्याने निदान होत नाही, सांध्यावर ताण देणाऱ्या चार-पाच चाचण्या कराव्या लागतात. त्यांतल्या बहुतेकींत दुखणे तेथेच जागे झाले.

हा सांधा ‘सरकला’ असे अनेकांना सांगितले जाते आणि तो ‘बसवून’ देणारेही भेटतात. वस्तुतः त्याची हालचाल जेमतेम काही मिलिमीटरची असते आणि तो अत्यंत मजबूत बंधांनी आवळलेला असतो. वजन उचलल्याने तो जागचा हलत नाही, चिडतो. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेण्याची रीत होती. गुण येई, कारण बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच उतरते. श्रेय पायाला मिळे! एमआरआयच्या अहवालाने घाबरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसांतही सुमारे ९६ टक्क्यांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या दिसतात.

मग दुखणे परत परत का येत होते? मी त्यांना तिन्ही वेळांची हकीकत विचारली. प्रत्येक वेळी दुखू लागताच त्यांनी जिम बंद केली, तीन आठवडे पडून राहिले, दुखणे थांबताच थेट पूर्वीचेच पन्नास किलो जमिनीवरून उचलले. दुखणे गेले होते, पण तीन आठवड्यांत स्नायूंचे बळही गेले होते. उन्हाळ्यात त्यात आणखी भर पडली. जिम बंद असली तरी दोन्ही कूलर भरण्याचे काम त्यांच्याकडेच होते. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. ती एका हाताने उचलायची, कंबर वळवायची आणि कूलरच्या कडेपर्यंत न्यायची. अशा रोज आठ बादल्या! सुनेला हे व्यायामात धरावे असे वाटले नव्हते, त्यांनाही नाही.

एकेकाळी मीसुद्धा अशा रुग्णांना सक्त विश्रांती सांगत असे. १९८६ सालीच अमेरिकेतील एका अभ्यासात सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती घेणारे लवकर कामावर परतल्याचे दिसले होते. आमच्या सवयी मात्र बदलायला वेळ लागला. वजने बंद करण्याचा सल्ला मी या गृहस्थांना दिला नाही, याचेही कारण आहे. म्हातारपणी मांड्यांतले बळ गेले की माणूस संडासातून उठताना आधार मागू लागतो, मग पडतो. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर, सरासरी वय ६५, आठ महिने एक प्रयोग झाला. त्यांतील ज्या गटाने आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली, त्यांच्या मणक्याची घनता सुधारली. देखरेख हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मीराबाई चानू २०१८ मध्ये कंबरदुखीमुळे आशियाई स्पर्धेला मुकली आणि २०२१ मध्ये टोकियोत रौप्यपदक घेऊन आली, हे बाबांनीच मला ऐकवले. तिची नक्कल करू नका, एवढे मात्र बजावले.

त्यांना सांगितले ते असे. कळ तीव्र असताना एक-दोन दिवस सबुरीने, पण घरात चालत राहावे. शेक बरा वाटला तर घ्यावा. नंतर पूर्वीच्या निम्म्याहून कमी वजनाने आरंभ करावा आणि ते जमिनीवरून न उचलता गुडघ्याच्या उंचीच्या चौरंगावरून उचलावे. वाकावे ते खुब्यातून, पाठीची कमान न मोडता. वजन अंगालगत असावे, उचलताना वळू नये, श्वास कोंडू नये. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढली नसेल, तरच पुढच्या आठवड्यात थोडे वाढवावे. पट्टा दिवसभर बांधून ठेवू नये. कूलरला नळी जोडावी. बादलीच उचलायची तर अर्धी भरावी.

सर्वांत कळकळीचे बोलणे गोळ्यांविषयी. नागपूरच्या ४५ अंशांत शरीरातले पाणी आटलेले असते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, असे सारे जमले की वृद्धांचे मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकते. हे गृहस्थ नऊ दिवस अशी गोळी घेत होते, घरात कोणालाही न सांगता. क्रिएटिनिन थोडे वाढलेले निघाले. गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांत पूर्ववत झाले. नशीब बरे. कंबर दुखणाऱ्या ज्येष्ठांची औषधाची पिशवी घरच्यांनी एकदा उलटी करून पाहावी.

पडल्यानंतर किंवा साधे वाकल्यानंतर अचानक सुरू झालेले तीव्र दुखणे, रात्री झोपू न देणारी वेदना, ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षय, पायातले बळ जाणे, लघवी अडणे किंवा जांघेत बधिरपणा, यांपैकी काहीही असले तर वरचे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ऑगस्टमध्ये बाबा पुन्हा आले, या वेळी एकटेच. पंधरा किलोंवर पोहोचले होते. जुलैत एकदा कळ आली होती. चार दिवस राहिली, पण त्या चार दिवसांत ते रोज फिरायला गेले.