जिज्ञासेला परवाना कशाला?

विज्ञानाच्या वाटेला नुकत्याच लागलेल्या मुलाने एकाच आठवड्यात सापेक्षतावादाविषयी प्रश्न विचारावेत, अंतराळयानाच्या खेळापायी रात्री जागवाव्यात आणि त्यातच प्रोग्रॅमिंग शिकण्याचा हट्ट धरावा, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा निकाल सुनावणीवाचूनच लागतो आणि आधी गणित पक्के कर, पदवी मिळव, मग आइन्स्टाइनचे नाव घे, असे फर्मान सुटते. हा निकाल अन्यायाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. या तिन्ही ओढींचे मूळ एकच आहे, आणि त्यांतील एकीला मनाई केली तर उरलेल्या दोघी लुळ्या पडतात.

मेक्सिको सिटीतील स्क्वाड या संस्थेने २०११ साली प्रथम लोकांपुढे ठेवलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ पाहावा. त्यातील काल्पनिक ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी. पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र आपल्याइतकेच. त्यामुळे अग्निबाण जुळवून कक्षेत पोहोचण्याचा खटाटोप नवशिक्याच्या आवाक्यात येतो आणि अंमल मात्र न्यूटनच्या नियमांचाच राहतो. या खेळात मुलाला पहिला खरा धक्का बसतो तो पुढे चाललेल्या दुसऱ्या यानाला गाठताना. इंजिन चालवून वेग वाढवावा, तर यान वरच्या कक्षेत चढते, त्याच्या प्रदक्षिणेला अधिक वेळ लागतो आणि ते उलट मागेच पडते. पुढच्याला गाठायचे असेल तर वेग कमी करून खालच्या, अधिक जलद कक्षेत उतरावे लागते. हा धडा केवळ मुलांनाच मिळाला असे नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानाचा कप्तान जेम्स मॅकडिव्हिट याने आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्यासाठी यान सरळ त्याच्या रोखाने रेटले. तो टप्पा दूरच जात राहिला, आणि इंधनाचा बराच साठा खर्ची पडल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेल्याची वार्ता ज्याने वाचली, त्याला हा खेळ हाताखालून गेलेला असेल तर त्या वार्तेचे खरे मोल उमगले असेल. इतरांना तो एक अभिमानाचा मथळा.

परंतु खेळ उत्तर देतो, हिशेब दाखवीत नाही, आणि येथेच प्रोग्रॅमिंगचे प्रयोजन उत्पन्न होते. पायथनसारखी विनामूल्य मिळणारी भाषा घेऊन मुलगा सूर्याभोवती फिरणारा एक ग्रह रचू लागतो. प्रत्येक अल्प कालखंडासाठी तो आधी सूर्याच्या ओढीचे त्वरण काढतो, मग चालू वेगाने ग्रहाला पुढे सरकवितो आणि मग त्या त्वरणाने वेग बदलतो. अठराव्या शतकातील ऑयलरची ही रीत दिसायला निर्दोष आहे. तरीही पडद्यावरचा ग्रह प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा बाहेर सरकत जातो आणि वर्तुळाचे मळसूत्र होते. आता शेवटच्या दोन ओळींची केवळ अदलाबदल करावी, म्हणजे वेग आधी बदलावा आणि त्या नव्या वेगाने ग्रह सरकवावा. कक्षा ठिकाणावर येते आणि हजारो फेऱ्यांनंतरही फारशी ढळत नाही. एकही सूत्र नवे नाही, केवळ क्रम निराळा, आणि एवढ्याने ऊर्जेच्या जमाखर्चातील सतत वाढत जाणारी तफावत नाहीशी व्हावी, हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो ‘असे का?’ हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. यंत्राकडून आयता प्रोग्रॅम लिहवून घेणाऱ्याच्या वाट्याला हे मळसूत्र येत नाही, आणि म्हणून तो प्रश्नही येत नाही; नवशिक्याने तरी ती सोय कटाक्षाने टाळावी.

आता सापेक्षतावाद. त्या खेळात सर्व यानांचे घड्याळ एकच असते आणि प्रकाशाच्या वेगाची मर्यादा कोणालाच बांधत नाही. ‘मग खऱ्या विश्वात काय होते?’ ही पृच्छा तेथूनच सुरू होते. तिचे उत्तर पदवीपर्यंत रोखून धरण्याचे काहीच कारण नाही. होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना, १९३८ साली, असे सुचविले होते की विश्वकिरणांतील अल्पजीवी कणांचे आयुष्य त्यांच्या वेगामुळे लांबलेले आढळेल आणि त्यावरून आइन्स्टाइनच्या सिद्धांताची थेट खातरजमा करता येईल. ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोच्या पर्वतप्रदेशात केलेल्या आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ती करून दाखविली. ज्याला आज म्यूऑन म्हणतात त्या कणाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्या मुदतीत प्रकाशाच्या वेगाने धावूनही तो सुमारे ६६० मीटरच जाईल, आणि पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेल्या शंभर कोटींतील एखाद्यानेही जमीन गाठू नये. प्रत्यक्षात आपल्या उघड्या तळहातावर दर सेकंदाला एखादा तरी येऊन पडतो. प्रकाशवेगाच्या ९९.८ टक्के गतीने येणाऱ्या म्यूऑनचे घड्याळ आपल्या दृष्टीने सुमारे सोळा पट मंद चालते, आणि ही पट काढायला भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे काही लागत नाही; ते सूत्र सिद्ध करायला पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. म्हणजे नववीतला विद्यार्थी हे सारे दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये उतरवू शकतो.

व्यापक सापेक्षतावादाची गोष्ट निराळी, हे मान्य केले पाहिजे. वक्र अवकाशकालाचे गणित कोणत्याही खेळाने अथवा साधनाने चुकविता येत नाही. तेथे दीर्घ तालीम अटळ आहे. पण ती तालीम पत्करण्याचे बळ कोठून यावे? ज्याने बिघडलेली कक्षा स्वतः दुरुस्त केली आहे, त्याला त्या गणिताची गरज आतून भासते.

म्हणून माझी शिफारस अशी, की ज्या माध्यमिक शाळांत संगणक आहेत तेथे आठवड्याचे दोन तास या उद्योगाला द्यावेत, त्यांना गुण नसावेत, आणि विज्ञानशिक्षकाला अभ्यासक्रम कधी संपविणार याचा जाब त्या दोन तासांपुरता तरी कोणी विचारू नये. यासाठी नवे अनुदान मंजूर होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पायथन विनामूल्य आहे, ग्रहाचा हा प्रोग्रॅम शाळेतील जुन्यात जुन्या संगणकावरही चालतो, आणि येत्या सत्रात ज्या मुख्याध्यापकांना आरंभ करावयाचा असेल त्यांना वेळापत्रकात एवढाच बदल करावा लागेल.