हवेवर चाले, तरी लाट सुटेना



चाकणच्या मोटारी हॉवरक्राफ्टने नेऊन भर समुद्रात उभ्या जहाजावर चढवाव्यात, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सुचवले आहे. हॉवरक्राफ्ट हवेच्या गादीवर चालते, म्हणून त्याला लाटांचा त्रास नाही, हा त्यांचा आधारच चुकीचा आहे.

गादीखाली शेवटी पाणीच असते. खोल समुद्रात ६ सेकंदांची लाट सुमारे ५६ मीटर लांब भरते. २०० मीटरच्या मोटारवाहू जहाजाला ती फारशी हलवत नाही. तटरक्षक दलाचे सुमारे २१ मीटरचे हॉवरक्राफ्ट मात्र तिच्यासोबत वरखाली होते. लाट १२ सेकंदांची झाली की लांबी २२५ मीटरवर जाते आणि जहाजही डोलू लागते. पण दोघांची लय जुळेलच असे नाही. जहाजाचा रॅम्प मीटरभर वर आणि त्याच क्षणी हॉवरक्राफ्ट मीटरभर खाली, म्हणजे दोन मीटरची पायरी. सहा सेकंदांनी तीच उलटी! मोटारीची पुढची चाके रॅम्पवर आणि मागची हॉवरक्राफ्टवर असताना काय होईल, हे भोसरी-चाकणच्या कामगारांना वेगळे सांगायला नको.

शिवाय हॉवरक्राफ्टला पाण्यात पकड नसते. बाजूचा वारा त्याला सहज ढकलतो. म्हणूनच अमेरिकी नौदल आपली हॉवरक्राफ्ट जहाजाच्या पोटातल्या डेकमध्ये घेते. २००७ साली आपल्या नौदलात आलेल्या ‘जलाश्व’ या जहाजालाही तसा डेक आहे.

गोव्याच्या चौगुले कंपनीशी २०२४ मध्ये तटरक्षक दलासाठी ६ हॉवरक्राफ्टचा करार झाला. उथळ पाणी, चिखल, किनाऱ्यावरची गस्त यांसाठी ती हवीतच. मोटारी मात्र मुंबई बंदराच्या धक्क्यावरूनच चढू द्याव्यात.

— एक वाचक, चिंचवड