सांबाराची गोष्ट आता पुरे

गेल्या आठवड्यात मला पुन्हा एकदा कळलं, की सांबार मराठ्यांनी शोधलं.

हे मला वर्षातून सात-आठ वेळा तरी कळतं. कधी नागपूरचा मावसभाऊ कळवतो, कधी पुण्यातली शाळेतली मैत्रीण, कधी ज्यांना मी ओळखतही नाही असे एखाद्या समूहातले काका. मजकूर ठरलेला. तंजावरच्या शहाजी राजांकडे छत्रपती संभाजी महाराज पाहुणे आले. मुदपाकखान्यात आमसुलं संपलेली. आचाऱ्याने आमटीत चिंच घातली, पदार्थ पाहुण्यांना आवडला आणि 'संभाजीचा आहार' म्हणून त्याचं नाव पडलं सांबार. खाली हात जोडलेले, भगवा झेंडा, आणि 'अभिमान वाटला तर पुढे पाठवा'. मी चेन्नईत राहते, त्यामुळे हा अभिमान माझ्याकडे जरा जास्तच आपुलकीने येतो. 'तुझ्या शेजाऱ्यांना सांग बरं!'

सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षांपूर्वी मैलापूरला राहायला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच शेजारच्या मामींच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ही गोष्ट ऐटीत सांगितली होती. त्या सांबार ढवळत होत्या. ढवळणं न थांबवता त्यांनी विचारलं, "मग तुमच्या गावाला का करत नाहीत?" मी हसण्यावारी नेलं. पण खरं उत्तर माझ्या तोंडातच होतं आणि ते मला सुचलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

कारण मी नागपूरची. आमच्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवालीकडे दहा रुपयांचा सांबार मागतात, सांबारवडी करतात. गुजरातेत कोबी-गाजराच्या चटकदार परतलेल्या भाजीला संभारो म्हणतात. केरळात आलं, मिरची, कढीपत्ता घातलेलं ताक म्हणजे संभारम्. संस्कृतात संभार म्हणजे जमवाजमव, सामग्री. त्यावरून मसाल्याची सामग्री आणि पुढे ज्यात ती पडते तो पदार्थ, असा हा शब्द प्रांताप्रांतात फिरलेला दिसतो. गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला शब्द एका संध्याकाळी एका मुदपाकखान्यात जन्मला, हे पटायला फार मोठी श्रद्धा लागते.

तारखाही पाहा. शहाजी तंजावरच्या गादीवर आले १६८४ साली. संभाजी महाराजांना संगमेश्वरी पकडलं १६८९च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. मधली पाच वर्षं औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलेला आणि महाराज त्याच्याशी झुंजत असलेले. त्या धामधुमीत ते तंजावरला पाहुणचाराला गेल्याचा एकही समकालीन कागद या मजकुराबरोबर कधी आलेला नाही. येतो तो झेंडा.

यावर ठरलेलं उत्तर असतं : "अहो, गंमत आहे. एवढं काय मनावर घेता?"

गमतीवर माझा राग नाही. उलट मी गमतीची हावरट आहे. माझं म्हणणं असं, की ही गंमत फार हलकी आहे आणि तिच्यापायी आपण खरी, भरभक्कम गंमत गमावतो आहोत. नमुना देते.

मे १६७७. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले. मद्रासच्या किल्ल्यातल्या इंग्रजांना त्यांचं पत्र येतं. मागणी तोफांची नाही, औषधांची आहे : विषावर उतारा देणारे जहरमोहऱ्यासारखे खडे आणि ताकद देणारी औषधं पाठवा, किंमत देऊ. त्या वेळी विल्यम लँगहॉर्न तिथला गव्हर्नर. कौन्सिल बसतं, विचार करतं आणि ठरवतं, की या माणसाकडून पैसे मागण्यात शहाणपण नाही. नजराणा म्हणूनच पाठवू. हे सगळं फोर्ट सेंट जॉर्जच्या रोजच्या कामकाजाच्या वह्यांत लिहिलेलं आहे आणि त्या वह्या छापलेल्याही आहेत. विषाची धास्ती असलेला राजा आणि त्याला घाबरून औषध फुकट देणारे व्यापारी. सांगा, चिंच-आमसुलाची गोष्ट याच्यापुढे टिकते का? आणि हे माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर घडलेलं. पण मला हे आजवर एकाही भावाने, मैत्रिणीने, काकांनी पाठवलेलं नाही.

दुसरा नमुना. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे. यांनी मराठीत एक नाटक लिहिलं, 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती येते आणि विरहिणी नायिकेला भविष्य सांगते. सरफोजींची कुरत्ती काय सांगते? जगाचा भूगोल. खंडं, देश, समुद्र. तमिळ साचा, मराठी भाषा आणि आत युरोपातून आलेलं नवं ज्ञान. याच राजाच्या पदरी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रं. त्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतीही मोडीत लिहून ठेवलेल्या आहेत, त्यांत इंग्रजी पद्धतीच्या स्वयंपाकाच्यासुद्धा. म्हणजे ज्यांना तंजावरच्या मराठ्यांचं खाणंच हवं आहे, त्यांच्यासाठीही खरं पान वाढलेलं आहे. आपण मात्र ताटाबाहेर सांडलेलं चाटतो आहोत.

तिसरा नमुना तर सरळ दगडावर आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. हाही कधीमधी फोनवर येतो, पण कसा? 'जगातला सर्वांत मोठा शिलालेख!!!' झालं. मोठा आहे, संपलं. तो कधी कोरला, याकडे कोणी बघत नाही. १७९९च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केलेला. हाती उरला किल्ला, मान आणि तनखा. १८०३ म्हणजे असईच्या लढाईचं साल, तिकडे उत्तरेतही मराठ्यांची सत्ता खचत होती. राज्य गेलेला माणूस आपल्या पूर्वजांची कहाणी चोळांनी बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवतो. कागद जळतात, तहनामे बदलतात, देवळाचा दगड राहील, असं त्याला वाटलं असेल का? या प्रश्नापाशी माणूस थांबतो. 'सर्वांत मोठा'पाशी माणूस थांबत नाही, बोट वर सरकवतो.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. खोटी किंवा अर्धवट गंमत नुसती चुकीची नसते, ती भूक मारते. जेवणाआधी पोरांनी फरसाण खाल्लं की पान तसंच राहतं, तसं. 'तंजावरचे मराठे? हो हो, ते सांबारवाले' म्हटलं की विषय संपतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे हजाराहून अधिक रुमाल आहेत. ते वाचायला मोडी येणारी माणसं लागतात. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. म्हणजे ज्या फोनवरून आपण सांबार पाठवतो, त्याच फोनवर मोडी अक्षरं उमटू शकतात. ती किती जणांच्या फोनवर उमटतात, हे तुम्हीच आपला फोन काढून बघा.

दुसरा आक्षेप शेजारधर्माचा. या मजकुरात तमिळ माणूस नावालाही नसतो. त्याला शतकानुशतकं चिंच, डाळ आणि मसाला घरात असून एकत्र कालवायचं सुचलं नाही, आपण येऊन शिकवलं, असा त्याचा अर्थ. उलट दिशेने तेच कोणी आपल्या पुरणपोळीबद्दल म्हटलं तर आपण काय करू? खरा इतिहास देवघेवीचा आहे आणि तो जास्त सुंदर आहे. मराठी कीर्तन तंजावरला आलं, तिथल्या कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथा घडवली आणि आजही त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग त्याच नावांनी येतात. मार्गळीच्या महिन्यात चेन्नईच्या सभांमध्ये मैफलीच्या शेवटी अभंग सुरू होतो तेव्हा माझ्या शेजारच्या मामी टाळ्यांचा ठेका धरतात. शब्द कळत नाहीत, विठ्ठल कळतो. त्या क्षणी कोणी कोणाला काही शिकवलं, असं कोणाच्याच मनात नसतं.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला बसले, ते सांगते.

वेस्ट मांबलमला एक आजी राहतात. तंजावर मराठी, इथल्या भाषेत रायर. वय शहाऐंशी. घरात मराठी बोलणाऱ्या त्या शेवटच्या. मुलांना समजतं, नातवंडांना तेही नाही. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं, मग कान टवकारायची सवय लागली. वाक्याची चाल तमिळ, हेल तमिळ आणि मधेच एखादा असा जुना मराठी शब्द, जो मी फक्त पोथीत वाचलेला. मागच्या वर्षी मुंबईहून दोन मुलं आली. 'तमिळनाडूतली विचित्र मराठी' असं काहीतरी त्यांना टिपायचं होतं. पोरं वाईट नव्हती, आजींच्या पाया पडली. पण त्यांचा प्रश्न एकच : "आजी, काहीतरी गमतीचं बोला ना." आजी गोंधळल्या. त्यांना आपली भाषा गमतीची आहे हे ठाऊकच नव्हतं. त्या जे बोलल्या त्यातले तीस सेकंद ठेवून खाली हसणारे चेहरे लावले गेले. हजारो लोकांनी पाहिलं. आजींच्या नातवाने त्यांनाही दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं आणि मला विचारलं, "मी चुकीचं बोलते का गं?"

त्या दिवसापासून आजी माझ्याशी सांभाळून बोलतात. मधेच थांबतात, 'तुमच्यात काय म्हणतात?' असं विचारतात आणि माझा शब्द घेतात. तीनशे वर्षं टिकलेली बोली तीस सेकंदांच्या हसण्याने संकोचली. ती दोन मुलं अजून एक तास बसली असती तर आजींनी त्यांना ट्रंकेतली वही दाखवली असती. सासऱ्यांच्या वडिलांच्या हातची, मोडीत. हिशेब आहेत, मधेमधे ओव्यांसारखं काही आहे. घरात ती कोणालाच वाचता येत नाही. मलाही येत नव्हती. आता मी मोडी शिकते आहे, साठीला टेकल्यावर, अडखळत. वहीची पहिली अकरा पानं लागली आहेत. अकराव्या पानावर चिंचेचा भाव आहे. हसले मी. संभाजी महाराजांचा उल्लेख अजून तरी नाही.

कोणी म्हणेल, दंतकथाही हव्यात. हव्यातच. जॉर्ज टाउनमधल्या कालिकांबाळच्या देवळात शिवाजी महाराज दर्शनाला आले होते, असं परंपरा सांगते. मी तिथे गेले की मलाही अंगावर काटा येतो. मीसुद्धा पहिल्यांदा तंजावरला गेले ती सांबाराच्या गोष्टीमुळेच, हे कबूल करते. दंतकथा दंतकथा म्हणून सांगा, ती दार उघडते. बातमी म्हणून सांगितली, की तीच दाराला कडी घालते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुढच्या वेळी असं काही आलं, की पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तो कागद आज कुठे आहे. तिन्ही नसतील तर खुशाल हसा आणि स्वतःपाशी ठेवा. एखादी मिळाली तर तिच्या मागे जा. चेन्नईत आलात तर एग्मोरचं अभिलेखागार दाखवायला मी सोबत येईन. महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथे नाव घाला. आणि आपल्याहून वेगळी मराठी बोलणारं कोणी भेटलं, तर फोन खिशात ठेवून आधी तासभर ऐका.

मामी मागच्या रविवारी सांबाराचं भांडं घेऊन आल्या. मी वरून कोथिंबीर भुरभुरली आणि त्यांना सांगितलं, "आमच्या गावाला यालाच सांबार म्हणतात." त्यांनी विळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे तू बावीस वर्षांपूर्वीच का नाही सांगितलंस?"