निकालाचा छेद

दहावीचा निकाल लागला की प्रत्येक तालुक्याचा एक तक्ता तयार होतो. शाळेचे नाव, परीक्षेला बसलेले, उत्तीर्ण, शेकडा निकाल. या शेवटच्या रकान्यावर मुख्याध्यापकाची वर्षभराची पत ठरते. शंभर टक्के लागला तर गावच्या नाक्यावर फलक झळकतो. घसरला तर खुलासा मागवला जातो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मात्र हा तक्ता ‘परीक्षेला बसलेले’ या रकान्यापाशीच चुकतो. बसायला हवे होते किती, हे तिथे कुठेच येत नाही.

समजा, एका शाळेत आठवीला 60 मुले होती. दोन वर्षांनी दहावीला 34 बसली आणि 32 उत्तीर्ण झाली. तक्ता सांगतो, निकाल 94 टक्के. आठवीचा पट छेदात घेतला तर तोच निकाल 53 टक्के होतो. उरलेल्या 26 मुलांपैकी काही रीतसर दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली असतील, काही मुलींची लग्ने झाली असतील, बाकीची कामाला लागली असतील. तक्त्याच्या लेखी ती सगळी सारखीच, म्हणजे नाहीतच.

ही गळती घडते कशी, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण वर्षानुवर्षे होते. 2023 मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, तरी मुलांची खरी चाळणी नववीतच होते. शिक्षण हक्क कायद्याची चौदा वर्षांची मर्यादा नेमकी तिथेच संपते, त्यामुळे नववीतल्या मुलाला शोधायची कायदेशीर जबाबदारी कोणाचीच नाही. त्यातून कच्च्या मुलाच्या पालकाला ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला मिळतो. मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसते आणि शाळेचा शेकडा शाबूत राहतो. असे करणाऱ्या शिक्षकांना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. शेकड्यावरूनच जोखायचे ठरल्यावर माणसे शेकडाच सांभाळतात.

त्यात कॅलेंडरचा घोळ. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट धरला जातो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी भात अजून शेतात असते आणि मुले वर्गात असतात. दिवाळी झाली की पाड्यावरची कुटुंबे जगायला बाहेर पडतात: भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर. अनेकांनी बयाणा आधीच उचललेला असतो. भट्टीवर कामाचा हिशेब जोडीने होतो, आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तिथे अर्धी जोडी असतो. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवसही हेच. 2025 मध्ये दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. तेव्हा भट्ट्यांचा हंगाम भरात असतो. आश्रमशाळेत निवासाची सोय असूनही दिवाळीच्या सुटीला गेलेली सगळी मुले परतत नाहीत, आणि मग शिक्षक पाड्यापाड्यावर फिरून त्यांना गोळा करतात. या फिरण्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

भट्टीवरच्या लहान मुलांचा विचार झाला, पण तो लहानांपुरताच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच जिल्ह्यात, कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पुढे विधायक संसदेच्या, भट्ट्यांवरच्या भोंगाशाळा आल्या, मग सरकारची हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड. नववी-दहावीच्या मुलासाठी यांतले काहीच नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, पण तिथले प्रवेश शैक्षणिक वर्षाच्या आरंभी होतात. गरज नोव्हेंबरात पडते.

आता शाळेचे जनरल रजिस्टर उघडू. जातीच्या रकान्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, क ठाकूर, कातकरी अशा नोंदी सापडतात. हीच नावे वरच्या कार्यालयात जाताना ‘अ. ज.’ या दोन अक्षरांत मिटतात. दहांतली नऊ माणसे आदिवासी असलेल्या तालुक्यांत या रकान्यातून कळणार काय? ज्या मुकणे घराण्याने 1948 पर्यंत जव्हार संस्थानावर राज्य केले, ते महादेव कोळी समाजातले. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. बहुतेक कुटुंबे भूमिहीन, आणि भट्टीवर त्यांचे प्रमाण मोठे. दोघांना एका रकान्यात घालून काढलेली सरासरी कोणाचीच नसते.

शिवाय निवड आधीच झालेली असते. नामांकित इंग्रजी शाळांची योजना आणि एकलव्य शाळांची प्रवेशपरीक्षा यांतून काही मुले लवकरच बाहेर जातात; त्यांत कागदपत्रे जमवू शकणाऱ्या पालकांची मुले जास्त, असे आमचे निरीक्षण आहे. गावातल्या शाळेकडे उरतात ती ज्यांच्यासाठी धावपळ करायला घरी कोणी नाही अशी मुले. मग त्याच शाळेची तुलना पालघर-वसईच्या शाळांशी एका तक्त्यात होते.

रजिस्टरच्या उजव्या बाजूला ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना असतो. त्यात बहुधा दोनच उत्तरे आढळतात: ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि ‘सतत गैरहजर’. खरे कारण लिपिकाला ठाऊक असते, वर्गशिक्षकाला तर असतेच. ते तिथे लिहायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. भट्टीवर गेला, कोणत्या तालुक्यात गेला, लग्न झाले, आजारी आई, लांबचा रस्ता. असे नावानिशी नोंदवणे इथे नवे नाही. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, त्यानंतर या भागातले कुपोषण मोजताना मुलाचे नाव आणि वजन महत्त्वाचे झाले. अंगणवाडीताईला आज प्रत्येक तीव्र कुपोषित बालकाचे घर माहीत असते. तेच मूल नववीत शाळेतून दिसेनासे झाले की मात्र ‘सतत गैरहजर’ होते.

आमची सूचना अशी आहे. यंदाच्या निकालासोबत प्रत्येक मुख्याध्यापकाने दोन वर्षांपूर्वीच्या आठवीची यादी काढावी. दाखला घेऊन दुसरीकडे शिकत असलेल्यांना वजा करावे, बाहेरून आलेल्यांना वेगळे दाखवावे, सतरा नंबरवाले शाळेच्याच खात्यात धरावेत आणि उरलेल्यांपुढे जमात व खरे कारण लिहावे. आकडा वाईट दिसेल. तो पाहून खुलासा मागवायचा मोह गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आवरला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी याद्याही गुळगुळीत होऊन येतील.

जव्हार-मोखाड्यातल्या ज्या शाळा अशी यादी करतील, त्यांनी मुलांची नावे गाळून ती आमच्याकडे पाठवावी. ऑगस्टच्या अंकात आम्ही त्या छापू. क्रम लावणार नाही, शाळेचे नाव नको असेल तर तेही छापणार नाही.