आधी वरणभात!

मंडळी, नवशिक्याला आपण पहिल्याच दिवशी पुरणपोळी लाटायला बसवत नाही. मग धान्यापासून पहिली घरगुती बिअर करताना पाच माल्ट, तीन हॉप्स आणि वर वेलदोडा कशासाठी? चव बिघडली तर दोष कुणाचा, कळणार कसं? आपल्या केंब्रिजचं पाणी बहुतांशी भूजल, किटलीत पांढरा थर धरणारं. तेवढा एक खलनायक पुरे आहे!

२० लिटरला ४ किलो भरडलेलं टू-रो माल्ट, एकच कॅस्केड हॉप, एकच यीस्ट. माल्ट ६६ अंश सेल्सिअसला तासभर भिजवा, म्हणजे पिठाची साखर होते. मग गाळून, हॉप घालून तासभर उकळा. थंड झाल्यावर यीस्ट. साधी कृती म्हणजे कमीपणा नव्हे; तिच्यात चूक लपत नाही, म्हणूनच ती शिकवते. वेलदोडा पुढच्या खेपेला!