भाऊ दाजींचे तेल

साक्रीहून धुळे, चाळीसगाव करीत पाटणादेवीला जाणाऱ्या बहुतेकांना तेथील शिलालेख भास्कराचार्यांच्या नावामुळे ठाऊक असतो. शके ११२८ चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्यास दाने दिली, असे त्यात कोरलेले आहे. हा लेख विद्वज्जगतापुढे आणणारा गृहस्थ मात्र पुराणवस्तू खात्याचा अधिकारी नव्हता. तो मुंबईत रोग्यांच्या नाड्या पाहणारा डॉक्टर होता. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी.

आजचा धागा त्यांच्या डॉक्टरकीविषयी आहे. आणि आरंभीच सांगतो, तो निव्वळ स्तुतीचा नाही.

गोव्यात जन्मलेले भाऊ मुंबईत वाढले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्याच्या पहिल्या तुकडीत ते शिकले आणि १८५१ मध्ये पदवीधर झाले. पुढे ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे. इतके बहुधा सर्वांना माहीत असते. ज्या रोगासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्याचे नाव मात्र चरित्रपर लेखांत एका ओळीत उरकले जाते. तो रोग म्हणजे रक्तपिती, आजच्या भाषेत कुष्ठरोग.

त्वचारोगशास्त्राचा इतिहास म्हटला की आपण बर्लिन, व्हिएन्ना, ब्रेस्लाव ही नावे घोकतो. त्याच काळात मुंबई इलाख्यातही हे काम चालू होते. 'ग्रेज ॲनाटॉमी' या विख्यात ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ साली मुंबईस आला, साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता, आणि कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठी १८७३ मध्ये नॉर्वेपर्यंत गेला. त्याचा ग्रंथ १८७४ साली छापून निघाला. त्याच वर्षी ३१ मे रोजी भाऊ दाजी वारले. त्यांच्या औषधाचे रहस्य तोपर्यंत रहस्यच होते.

औषध होते कडू कवठाच्या बियांचे तेल. हे झाड सह्याद्रीच्या घाटांतले. याच कुळातील चालमोगऱ्याचे तेल आपल्या वैद्यकाला जुन्या काळापासून परिचित होते, आणि कलकत्त्याच्या फ्रेडरिक मोआट याने १८५४ मध्येच त्यावर लिहिले होते. म्हणजे भाऊंनी काही आकाशातून आणले नव्हते. त्यांचे मोल होते ते अनुभवात: कोणत्या रोग्याला, किती मात्रा, किती महिने, आणि काय फरक पडला. नेमके तेच त्यांनी जगापुढे मांडले नाही.

त्यांच्या बाजूने सांगितले जाते की पुरती खातरजमा झाल्याविना औषध जाहीर करणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. लोभाचा आरोप मला स्वतःला पटत नाही. गरिबांना फुकट औषधे देणाऱ्या माणसावर तो शोभतही नाही. तरीही माझे मत असे आहे की ही चूक होती, आणि मोठी होती. खातरजमा एकट्याने होत नसते. दुसऱ्या डॉक्टरच्या हाती तेच तेल पडून तोच गुण यावा लागतो. पाटण्याचा शिलालेख वाचताना भाऊंना हे पूर्ण उमगलेले होते. त्यांनी लेखाचे वाचन १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. अजिंठ्याच्या लेखांचेही तसेच केले. चुकलो असेन तर दुरुस्त करा, असेच ते विद्वानांना सांगणे होते. दगडाच्या बाबतीत इतके खुले असलेले मन बाटलीच्या बाबतीत मिटून का गेले?

याच रोगाच्या इतिहासातले दुसरे टोकही पाहा. नॉर्वेतील आरमाउअर हॅन्सन याला १८७३ मध्ये रोगाचे जंतू दिसले. १८७९ साली ब्रेस्लावचा अल्बर्ट नायसर हा चोवीस वर्षांचा जर्मन डॉक्टर बर्गेनला आला, हॅन्सनकडून नमुने घेऊन गेला, नव्या रंगद्रव्यांनी ते जंतू त्याने स्पष्ट रंगविले आणि १८८० मध्ये शोध आपलाच म्हणून छापला. हॅन्सनला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी धावपळ करावी लागली. नायसर गुणी होता यात शंका नाही. परम्याचा जंतू त्यानेच दाखविला. पण याच माणसाने पुढे काही स्त्रियांना, त्यांची संमती न घेता, उपदंशाच्या रोग्यांचे रक्तजल टोचले, आणि त्या गदारोळातून १९०० साली प्रशियात रुग्णसंमतीविषयीचा आदेश निघाला. (हॅन्सनही निष्कलंक नव्हता. एका रुग्णस्त्रीच्या डोळ्यात विनासंमती रोगद्रव्य टोचल्याबद्दल त्याचे रुग्णालयातील पद गेले.) घाई आणि गुप्तता यांतून निवड करायची तर मी गुप्ततेलाच कमी दोष देईन. पण दोष देईन.

कारण रोगी थांबत नव्हते. हे तेल रोग समूळ नाहीसा करणारे नव्हते, हे खरे. तरी दुसरे काही हाताशी नसताना विसाव्या शतकात जगभर तेच वापरले गेले. होनोलुलूत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चालमोगऱ्याचे तेल इंजेक्शनने देण्याजोगे केले, ते १९१५ च्या सुमारास. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत याच तेलावर भिस्त होती. मुंबईच्या नोंदी खुल्या असत्या तर पुढच्यांना किती अडखळणे वाचले असते, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

पाटण्याच्या लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे. तो अवश्य वाचा. बाजारातील कोणत्या व्यवहारातून मठाला काय मिळावे, हे तेथे वस्तुवार सांगितले आहे, आणि त्यात एक बाब अशी: गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यावे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या तेलाचे मापसुद्धा दगडावर आहे.