पितृत्वाची नोंद कोण घेणार?

दिवाळी उलटली की सुरगाणा तालुक्यातील पाड्यांवरून अनेक बिऱ्हाडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला निघतात आणि होळीच्या सुमारास परततात. मग लग्ने लागतात. त्या मांडवात कधी कधी नवरदेवाच्या शेजारी त्याचेच चार-पाच वर्षांचे मूल बसलेले दिसते. लग्नजेवणाचा खर्च जमेपर्यंत संसार खोळंबत नाही, इतकाच त्याचा अर्थ. शहरी पाहुणा क्वचित नाक मुरडतो. वस्तुतः मुलाचा बाप कोण, याविषयी पाड्यावर कोणालाही शंका नसते.

शंका सुरू होते ती पाड्याची वेस ओलांडल्यावर. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सर्वसाधारणपणे लागू नाही. त्यांचा विवाह रूढीने ठरतो. आणि ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. पितृत्वाविषयीचे कायद्याचे गृहीतक मात्र वैध विवाहाच्या पायावर उभे आहे. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. विवाह अस्तित्वात असताना जन्मलेले अपत्य पतीचेच मानले जाते. मांडव पाच वर्षांनी पडला, तर आधी जन्मलेल्या मुलाच्या बापाने कशाचा आधार घ्यावा? दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या स्त्री-पुरुषांना न्यायालये विवाहित मानतात खरी; परंतु ते गृहीतक खोडून काढता येते, आणि खोडणारा बहुधा जवळचाच आप्त असतो.

१९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात औरस अपत्याचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, तर अनौरस अपत्याची पालक प्रथम आई आणि नंतर बाप, असा क्रम आहे. ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतरच’ असा घ्यायचा नाही, असे गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये ठरले, हे उत्तमच झाले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहते आणि साऱ्यांच्या वर मुलाचे हित असते. यात बापावर अन्याय आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु समजा, विवाहाआधीच ती माउली दगावली आणि तिच्या माहेरच्यांनी मूल ठेवून घेतले. ज्याने त्या लेकराला खांद्यावर घेऊन बागांमागून बागा पालथ्या घातल्या, त्याला आपण बाप असल्याचे सिद्ध करण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

‘डीएनए चाचणी आहेच की,’ असे म्हणणे सोपे आहे. नागपूरच्या एका प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहीतकापेक्षा चाचणीचा निष्कर्ष श्रेष्ठ मानला; पुण्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये मुलाची चाचणी करण्यास नकार दिला, कारण पती-पत्नीच्या भांडणात लेकराच्या जन्माची चिरफाड होऊ नये. दोन्ही निकालांचे तात्पर्य एकच, की चाचणी सरसकट नाही. ती मजुराच्या खिशाला परवडणारीही नाही.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला पित्याचे नाव सांगता आले नाही, तरी गौतमांनी त्याच्या सत्यनिष्ठेवरून त्याला शिष्य केले. जातपडताळणी समितीपुढे मात्र वडील, आजोबा, चुलते अशा पितृकुळाचेच दाखले लागतात. आईने जनजातीतच वाढवलेल्या मुलाला तिच्या जमातीचा दावा करता येतो, असे २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण तेही पुराव्यानेच. म्हणजे बापाचे नाव कागदावर नसेल, तर शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत खोळंबा होतो तो मुलाचा. बापाचा हक्क हा विषय अखेर तिथे येऊन पोहोचतो.

विवाहनोंदणीची सोय १९९८ च्या राज्याच्या कायद्याने ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे. सामूहिक विवाहसोहळे भरवणाऱ्या संस्था भांडी, साड्या, मंगळसूत्रे हौसेने देतात. त्याच मांडवात एक टेबल मांडून विवाहाची नोंद करून घ्यावी, आणि आधी जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यांवर दोघांची नावे आहेत की नाहीत, हेही तिथेच तपासून घ्यावे. जेवणावळीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.